काउंटर ओलांडणारा ग्राहक : स्वयंसेवा दुकानाची जन्मकथा

१/
सप्टेंबर १९१६. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील, मिसिसिपी नदीच्या काठी वसलेले मेम्फिस शहर. जेफर्सन अव्हेन्यूवरील ७९ क्रमांकाच्या जागेत एक नवे किराणा दुकान उघडले. आत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हाती टोपली देण्यात येत होती आणि हवे ते स्वतःच उचलून घ्या, असे सांगण्यात येत होते. आज ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यात नवल ते काय, असे वाटावे. परंतु त्या काळच्या मेम्फिसकरांसाठी हा अनुभव पूर्णपणे अपरिचित होता. ग्राहकाला निवडीचा अधिकार देऊन विक्री वाढवण्याची ही युक्ती कशी जन्माला आली, तिने ग्राहकाला काय दिले आणि त्याच्याकडून काय घेतले, याची ही कथा. (धागा)

२/
त्यापूर्वीचे अमेरिकन किराणा दुकान डोळ्यांसमोर आणावे लागेल. दुकानाच्या मधोमध लांबलचक लाकडी काउंटर. त्याच्यामागे छतापर्यंत गेलेली फडताळे, पिंपे, गोणी आणि वजनकाटा. काउंटरच्या अलीकडे ग्राहक, पलीकडे दुकानदार आणि त्याचे नोकर. ग्राहकाने यादी वाचून दाखवायची, नोकराने एकेक जिन्नस काढायचा, तोलायचा, कागदात बांधून सुतळीने आवळायचा. आपल्याकडील पेठेतल्या वाण्याच्या दुकानापुढे उभे राहून ज्यांनी ‘पावशेर साखर, अर्धा शेर तूरडाळ’ असे सांगितले असेल, त्या पिढीला हे चित्र परके वाटणार नाही.

३/
या पद्धतीचे काही फायदे होते. दुकानदार गिऱ्हाइकाला ओळखत असे, उधारीची वही ठेवत असे आणि सामान घरपोच पाठवत असे. मात्र या सगळ्याचा खर्च शेवटी मालाच्या किमतीतच मिसळलेला असे. उधार बुडवणाऱ्याचा भार रोखीने घेणाऱ्यावर पडे. अनेक वस्तूंवर किंमत लिहिलेली नसे, त्यामुळे ती विचारावी लागे. नोकराने जो तांदूळ काढून दिला तो घ्यावा लागे. शिवाय एक नोकर एका वेळी एकाच ग्राहकाकडे लक्ष देऊ शकत असल्याने गर्दीच्या वेळी बाकीच्यांनी तिष्ठत उभे राहावे, हे ठरलेलेच होते.

४/
ग्राहकाला मोकळीक दिली तर विक्री वाढते, हे त्याआधी कापडाच्या व्यापाऱ्यांनी ताडले होते. पॅरिसमध्ये आरिस्तिद बूसिको हा व्यापारी १८५२ मध्ये ‘ल बाँ मार्शे’ या दुकानात भागीदार म्हणून आला. पुढच्या काळात त्याने त्या दुकानाचे रूपांतर एका भव्य भांडारात केले. ठरलेली आणि लिहिलेली किंमत, खरेदीचे बंधन न घालता खुला प्रवेश आणि न आवडलेला माल परत करण्याची मुभा, ही त्याच्या धोरणाची वैशिष्ट्ये. दुकानात पाऊल टाकले की काहीतरी घेतलेच पाहिजे, असा संकेत असलेल्या काळात ही मोठीच सवलत होती. एमिल झोला या कादंबरीकाराला १८८३ च्या आपल्या कादंबरीतील भांडारासाठी नमुना सापडला तो येथेच.

५/
अमेरिकेत फ्रँक वूलवर्थने १८७९ मध्ये पाच सेंटच्या दुकानांचा प्रयोग केला. न्यूयॉर्क राज्यातील युटिका येथील त्याचे पहिले दुकान चालले नाही, पण त्याच वर्षी पेन्सिल्व्हेनियातील लँकेस्टरमध्ये त्याला यश मिळाले. वस्तू उघड्या मांडलेल्या, किंमत सर्वांना ठाऊक. ग्राहकाने वस्तू हातात घेऊन पाहावी, यात दुकानदाराला गैर वाटत नव्हते. तरीही किराणा माल काउंटरच्या मागेच राहिला. त्याचे कारण सरळ होते. कापड उलगडून पाहता येते, फणी किंवा खेळणे उचलता येते, परंतु पिंपातले पीठ आणि गोणीतली साखर कोणीतरी तोलून दिल्याशिवाय घेता येत नाही.

६/
ही अडचण दूर केली ती खोक्याने. १८९८ मध्ये नॅशनल बिस्किट कंपनीने ‘युनीडा’ नावाची बिस्किटे बाजारात आणली. आतून मेणकागद लावलेल्या बंद खोक्यात ती कुरकुरीत राहत. तोवर बिस्किटे पिंपातून सुटी विकली जात, मऊ पडत आणि त्यांवर कुणाचेही हात लागत. आता वजन कारखान्यातच ठरले, दर्जाची हमी खोक्यावरील नावाने दिली आणि जाहिरातींनी ते नाव घराघरांत पोहोचवले. डबाबंद सूप, खोक्यातले ओट्स, पाकिटातला साबण यांचेही तेच झाले. एकदा ग्राहक वस्तूला नावाने ओळखू लागला की, ती त्याच्यापर्यंत आणून देणाऱ्या नोकराच्या सल्ल्याची गरज उणावली.

७/
आता या कथेच्या नायकाकडे वळू. क्लॅरेन्स साँडर्सचा जन्म १८८१ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील एका गरीब कुटुंबात झाला. शाळा लवकर सुटली आणि किशोरवयातच तो एका दुकानात कामाला लागला. टेनेसीत आल्यावर त्याने लाकूड-गिरणीसारख्या ठिकाणीही मजुरी केली. पुढे एका घाऊक किराणा व्यापाऱ्याकडे नोकरी लागली आणि १९०४ च्या सुमारास तो फिरता विक्रेता म्हणून मेम्फिसमध्ये आला. गावोगावच्या किरकोळ दुकानदारांना माल विकणे हे त्याचे काम. या भटकंतीत त्याला शेकडो दुकानांची आतली बाजू पाहायला मिळाली.

८/
त्याने जे पाहिले ते फारसे आशादायक नव्हते. दुपारी नोकर रिकामे बसलेले, सायंकाळी तेच नोकर गर्दीपुढे हतबल. उधारीच्या वह्या फुगलेल्या आणि त्या वसूल न झाल्याने दुकाने बुडालेली. १९१५ मध्ये साँडर्सने स्वतःची घाऊक पेढी उभारली. रोखीने घ्या व रोखीनेच विका, असा त्याचा दुकानदारांना आग्रह असे. पण केवळ उधारी थांबवून भागणार नव्हते. दुकानाचा सर्वांत मोठा चालू खर्च नोकरांच्या पगाराचा होता, आणि नोकरांचा बहुतेक वेळ जात होता तो फडताळ ते काउंटर या चार पावलांच्या येरझाऱ्यांत.

९/
काळही या विचाराला अनुकूल होता. युरोपात महायुद्ध भडकले होते आणि अमेरिकेत अन्नधान्याच्या किमती चढत होत्या. स्वस्त माल देणाऱ्या दुकानाकडे गृहिणी वळणार, हे उघड होते. ग्राहकाने स्वतःच माल घ्यावा, हा प्रयोग कॅलिफोर्नियातील काही दुकानांनी साँडर्सच्या आधीही करून पाहिला होता. त्यामुळे स्वयंसेवेचा ‘पहिला’ जनक हा मान त्याला देताना हात आखडता घ्यावा लागतो. त्याचे खरे कर्तृत्व वेगळ्या ठिकाणी आहे. त्या सुट्या कल्पनेची त्याने एक नेटकी, पुन्हा पुन्हा उभारता येईल अशी व्यवस्था बनवली आणि तिला ‘पिग्ली विग्ली’ हे विचित्र नाव दिले.

१०/
दुकानाची रचना पाहण्याजोगी आहे. प्रवेशाशी फिरता अडसर, ज्यातून एका वेळी एकच माणूस आत जाई. तेथे टोपली घ्यायची. पुढे उंच मांडण्यांच्या मधून जाणारी अरुंद वाट सुरू होई. ही वाट एका टोकापर्यंत जाऊन वळे, पुन्हा उलट दिशेने येई, पुन्हा वळे. अशी सगळी दालने ओलांडल्यावर शेवटी रोखपालाचे टेबल लागे. तेथे बेरीज करणाऱ्या यंत्रावर हिशेब होई, पैसे चुकते होत आणि दुसऱ्या अडसरातून ग्राहक बाहेर पडे. साठवणीची जागा व नोकरांचे काम मांडण्यांच्या आड ठेवलेले होते. विक्रीच्या दालनात राज्य होते ते ग्राहकाचे.

११/
साँडर्सने या रचनेचे पेटंट मागितले आणि ऑक्टोबर १९१७ मध्ये ‘स्वयंसेवा दुकान’ या नावाने त्याला ते मिळाले. पेटंट सहसा एखाद्या यंत्राचे वा प्रक्रियेचे घेतले जाते. येथे पेटंटच्या आराखड्यात आहेत भिंती, कठडे, मांडण्या, अडसर आणि वाटा. मनुष्याने दुकानातून कसे चालावे याचाच हा नकाशा होता. पेटंटमधील युक्तिवादही स्पष्ट आहे. कमी नोकरांत अधिक ग्राहकांची सोय व्हावी आणि बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येकाच्या नजरेखालून संपूर्ण माल जावा, या दोन हेतूंभोवती ती रचना आखलेली आहे.

१२/
तपशिलांतही बरेच नवे होते. प्रत्येक वस्तूपाशी किंमत लिहिलेली. कर्मचाऱ्यांना गणवेश. नाशवंत मालासाठी थंड पेट्या. देशभर जाहिरात होणाऱ्या नाममुद्रांचा भरघोस साठा. नफ्याचे प्रमाण कमी आणि उलाढाल मोठी, हे सूत्र. उधारी नाही, घरपोच सेवा नाही. थोडक्यात, जुन्या दुकानाने देऊ केलेल्या दोन मोठ्या सोयी काढून घेण्यात आल्या आणि त्यांच्या बदल्यात ग्राहकाला स्वस्ताई व निवड मिळाली. ही देवाणघेवाण लोक पत्करतील का, हाच खरा प्रश्न होता.

१३/
लोकांनी पत्करावी म्हणून साँडर्सने जाहिरातीत कसर सोडली नाही. वृत्तपत्रांतील त्याच्या जाहिराती तो स्वतः लिहीत असे, आणि त्यांत बढाई, विनोद व प्रतिस्पर्ध्यांची टवाळी यांचे मिश्रण असे. उद्घाटनाला वाजंत्री होती, फुले होती, स्त्रियांसाठी बक्षिसांचा गाजावाजा होता. दुकानाच्या नावाचे कोडे तर आजही सुटलेले नाही. हे नाव का ठेवले, असे विचारले असता, लोकांनी हाच प्रश्न विचारावा म्हणून, अशा आशयाचे उत्तर त्याने दिल्याची आठवण सांगितली जाते. त्या उत्तरात त्याचा सगळा स्वभाव उतरला आहे.

१४/
जाणकारांना शंका होती. प्रतिष्ठित घरातील स्त्री हाती टोपली घेऊन स्वतः डबे उचलेल काय? नोकराने अदबीने विचारपूस करणे हाच तर सेवेचा मान होता. मेम्फिसच्या गृहिणींनी ही शंका खोटी ठरवली. त्यांनी टोपल्या घेतल्या, डबे फिरवून पाहिले, दोन किमती शेजारी ठेवून ताडल्या आणि नको ते परत मांडणीवर ठेवले. काउंटरपुढे उभे असताना ‘हे महाग आहे, दुसरे दाखवा’ असे म्हणण्यात जो संकोच होता, तो येथे उरला नव्हता. स्वस्त वस्तू निवडताना कोणी पाहत नव्हते आणि हिशेब जुळवायला हवा तेवढा वेळ होता.

१५/
विक्री का वाढली, याचे एक उत्तर येथे आहे. काउंटरपुढचा ग्राहक यादीतले तेवढेच मागे, कारण यादीबाहेरची वस्तू त्याच्या दृष्टीसच फारशी पडत नसे. मांडण्यांमधून चालणाऱ्याला मात्र विसरलेली वस्तू आठवे, नवी वस्तू भुरळ घाली आणि शेजारच्या दोन डब्यांतील निवड करता करता दोन्ही टोपलीत जात. दुसरे उत्तर श्रमाशी निगडित आहे. नोकर जे काम पगार घेऊन करत होता, ते ग्राहक आता विनावेतन आणि हौसेने करू लागला. नोकरांवर वाचलेल्या पैशातून किंमत उतरली, उतरलेल्या किमतीने गर्दी वाढली आणि गर्दीने नफा वाढला.

१६/
पण या स्वातंत्र्याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. ग्राहक मोकळा होता, परंतु वाट एकच होती. एकदा अडसर ओलांडला की, साबणाची वडी घ्यायला आलेल्यालाही पिठापासून मुरांब्यापर्यंत सगळी दालने चालून जावे लागे. काय निवडायचे ते ग्राहक ठरवत होता. कशातून निवडायचे, कोणत्या क्रमाने आणि नजरेच्या कोणत्या उंचीवर, हे आधीच ठरवून ठेवलेले होते. काउंटरमागच्या नोकराची गोड जबरदस्ती संपली आणि तिची जागा भिंतींच्या मूक आग्रहाने घेतली. पुढील शंभर वर्षांच्या दुकानरचनेचे बीज या एका वाटेत आहे.

१७/
यश वेगाने आले. साँडर्सने आपले नाव व रचना वापरण्याचा परवाना इतर दुकानदारांना द्यायला सुरुवात केली. १९२२ पर्यंत २९ राज्यांत मिळून १,२०० हून अधिक ‘पिग्ली विग्ली’ दुकाने उभी राहिली. नक्कल करणारेही उगवले, आणि नावाच्या गमतीतही त्यांनी मागे राहायचे नाही असे ठरवलेले दिसते. ‘हँडी अँडी’, ‘हेल्पी सेल्फी’, ‘जिटनी जंगल’ ही त्यांतील काही नावे. ग्राहकाला आत सोडले तर तो चोरी करील, ही जुन्या दुकानदारांची भीती अगदीच निराधार नव्हती. पण वाढलेल्या विक्रीपुढे ते नुकसान सोसण्याजोगे ठरले.

१८/
मेम्फिस हे दक्षिणेकडील शहर होते आणि तेथे वर्णभेद कायद्याने रुजलेला होता. काउंटरच्या दुकानात गोऱ्या ग्राहकाचे आटोपेपर्यंत कृष्णवर्णीय ग्राहकाने थांबावे, असा अलिखित नियम अनेक ठिकाणी असे. फिरत्या अडसरातून एकेक जण आत जाणार आणि रोखपालापुढे एकच रांग असणार, म्हटल्यावर निदान खरेदीच्या क्षणी हा क्रम थोडा ढिला झाला. लिहिलेली किंमत सर्वांना सारखी होती. मात्र यातून समतेचा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. फेब्रुवारी १९६० मध्ये ग्रीन्सबरो येथे वूलवर्थच्या दुकानात चार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी किरकोळ खरेदी केली, ती त्यांना विनातक्रार करता आली. त्याच दुकानात ते उपाहाराच्या काउंटरवर बसले, तेव्हा मात्र त्यांना नकार मिळाला. पैसे घेणारे हात आणि मान देणारे हात एकच असतात, असे नाही.

१९/
साँडर्सच्या कहाणीला कलाटणी मिळाली ती किराण्यामुळे नव्हे, तर शेअर बाजारामुळे. त्याच्या कंपनीचे शेअर न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदले गेले होते. १९२२ च्या अखेरीस न्यूयॉर्क परिसरातील काही परवानाधारक दुकाने बुडाली. ती मूळ कंपनीच्या मालकीची नव्हती, पण नाव तेच होते. मंदीवाल्यांनी संधी साधली. हाती नसलेले शेअर उसने घेऊन विकायचे आणि भाव पडल्यावर स्वस्तात घेऊन परत करायचे, हा त्यांचा डाव. पन्नासच्या आसपास असलेला भाव चाळीस डॉलरच्या खाली गेला.

२०/
साँडर्सने हे आव्हान वैयक्तिक मानले. त्याने सुमारे एक कोटी डॉलरचे कर्ज उभारले, जेसी लिव्हरमोर या नामांकित सटोडियाला हाताशी धरले आणि आपल्याच कंपनीचे शेअर विकत घेण्याचा सपाटा लावला. मार्च १९२३ पर्यंत बाजारातील दोन लाख शेअरपैकी जवळपास सगळे त्याच्या ताब्यात आले. मंदीवाल्यांची कोंडी झाली. त्यांनी विकलेले शेअर परत करायचे, तर ते साँडर्सकडूनच घ्यावे लागणार होते. २० मार्चला त्याने शेअरची मागणी केली आणि भाव १२४ डॉलरपर्यंत उसळला.

२१/
विजय हाताशी आला असता खेळाचे नियम बदलले. शेअर बाजाराच्या कारभाऱ्यांनी ‘पिग्ली विग्ली’चे व्यवहार थांबवले आणि मंदीवाल्यांना शेअर जमवण्यासाठी मुदत वाढवून दिली. त्या मुदतीत दूरदूरच्या लहान भागधारकांकडून शेअर गोळा होऊ लागले. अखेर साँडर्सला शंभर डॉलरच्या भावाने तडजोड करावी लागली. आता त्याच्याकडे शेअरचा ढीग होता, ते विकायला बाजार नव्हता आणि डोक्यावर कर्ज होते. मेम्फिसच्या नागरिकांनी शेअर घेऊन त्याला वाचवावे, अशी मोहीमही निघाली, पण ती तडीस गेली नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये स्वतः घडवलेली कंपनी त्याच्या हातून गेली.

२२/
त्या वैभवाच्या काळात साँडर्सने मेम्फिसमध्ये गुलाबी संगमरवराचा एक प्रासाद बांधायला घेतला होता. तो पुरा होण्याआधीच त्याची मालमत्ता गेली. पुढे ही वास्तू शहराकडे आली आणि १९३० मध्ये तेथे वस्तुसंग्रहालय सुरू झाले. ‘पिंक पॅलेस’ या नावाने ती ओळखली जाते. त्या पहिल्या दुकानाची प्रतिकृती याच संग्रहालयात मांडलेली आहे. ज्या घरात मालकाला राहता आले नाही, तेथे त्याच्या दुकानाच्या मांडण्या पाहायला लोक जातात.

२३/
साँडर्स खचला नाही. त्याने ‘क्लॅरेन्स साँडर्स, माझ्या नावाचा एकमेव मालक’ अशा लांबलचक नावाने नवी दुकाने काढली. महामंदीत तीही बुडाली. १९३७ मध्ये त्याने ‘कीडूझल’ नावाचे यांत्रिक दुकान उघडले. येथे वस्तूंचे नमुने काचेआड असत. ग्राहकाने हातातील किल्ली नमुन्याशेजारच्या खाचेत घालायची. त्याची नोंद होई आणि माल मागच्या कोठारातून सरकत्या पट्ट्यावरून रोखपालाकडे येई. कल्पना काळाच्या पुढची होती, पण यंत्रणा वारंवार बिघडे आणि गर्दीच्या वेळी पट्ट्यांवर गोंधळ माजे. १९५३ मध्ये साँडर्स वारला, तेव्हाही तो अशाच एका पुढच्या यंत्रदुकानाच्या मागे होता.

२४/
‘कीडूझल’च्या अपयशाचे मुख्य कारण तांत्रिक होते, हे खरे. तरी एक विरोधाभास नजरेआड करता येत नाही. ज्या माणसाने ग्राहकाला काउंटर ओलांडू दिला, त्यानेच आता त्याच्यापुढे काच उभी केली होती. निवड शाबूत होती, पण डबा हातात घेऊन पाहणे, उलटून वाचणे, परत ठेवणे हे सगळे नाहीसे झाले होते. इकडे त्याच्या हातून गेलेली जुनी कंपनी मात्र त्याच्या जुन्या कल्पनेवर चालत राहिली. १९३२ मध्ये ‘पिग्ली विग्ली’च्या दुकानांची संख्या २,६६० वर पोहोचली होती.

२५/
पुढचा टप्पा आकाराचा होता. ऑगस्ट १९३० मध्ये मायकेल कलनने न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एका जुन्या गॅरेजमध्ये ‘किंग कलन’ हे दुकान काढले. भाडे कमी, जागा मोठी, मोटारी उभ्या करायला मोकळे आवार आणि मालाचे डोंगर रचलेले. महामंदीने पोळलेल्या लोकांना हा स्वस्त बाजार मानवला, आणि यालाच पुढे ‘सुपरमार्केट’ म्हटले गेले. आता निवडीला एकच मर्यादा उरली होती, ती ग्राहकाच्या दंडातील ताकदीची. टोपली जड झाली की खरेदी थांबे.

२६/
ओक्लाहोमा सिटीतील सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने हे हेरले. घडीच्या खुर्चीवरून सुचलेली, दोन टोपल्या ठेवण्याची चाकांची गाडी त्याने १९३७ मध्ये दुकानात आणली. कोणी ती घेईना. तरुण पुरुषांना ती दुबळेपणाची खूण वाटे, तर स्त्रियांना बाबागाडी लोटून झाल्यावर आणखी एक गाडी नको होती. तेव्हा गोल्डमनने पगारी माणसे नेमली. ती ग्राहकांचे सोंग घेऊन दारापाशी गाड्या ढकलत फिरू लागली आणि त्यांना पाहून खरे ग्राहकही गाड्या घेऊ लागले, असे त्याने पुढे स्वतः सांगितले. स्वेच्छेने निवडणाऱ्या ग्राहकाची इच्छाही कधी कधी घडवावी लागते, याचा हा बोलका नमुना.

२७/
भारतात ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रुळायला बराच काळ गेला. ‘डीमार्ट’चे पहिले दुकान मुंबईत पवई येथे २००२ मध्ये उघडले, म्हणजे मेम्फिसच्या त्या दुकानानंतर ८६ वर्षांनी. त्याचे संस्थापक राधाकिशन दमाणी आधी शेअर बाजारातील गुंतवणूकदार म्हणून ख्यात होते. साँडर्स किराण्यातून शेअर बाजारात गेला आणि बुडाला, येथे प्रवास उलट दिशेने झाला. तरीही गल्लीच्या कोपऱ्यावरचा वाणी आपल्याकडे टिकून आहे. उधारीची वही, ओळखीचा विश्वास आणि निरोप धाडताच घरी येणारे सामान, या ज्या सोयी साँडर्सने मोडीत काढल्या, त्याच या वाण्याचे बळ ठरल्या आहेत.

२८/
हिशेब मांडायचा झाला, तर दोन्ही बाजूंना नोंदी आहेत. ग्राहकाला किंमत दिसू लागली, तुलना करता येऊ लागली, संकोचाविना स्वस्त वस्तू घेता येऊ लागली आणि मोजमापाच्या वादातून त्याची सुटका झाली. त्याबदल्यात त्याने दुकानातील नोकराचे काम अंगावर घेतले, हातात पैसा नसलेल्या आठवड्यात आधार देणारी उधारी गमावली आणि ज्याची पोटापाण्याची गरज काउंटरमागे भागत होती, त्या नोकराची जागा कमी झाली. जुन्या दुकानात ग्राहकाला फसवायचे, तर समोरच्या माणसाला फसवावे लागे. नव्या दुकानात फसवणूक झाली, तर ती मांडणीने केलेली असते, आणि जाब विचारायला समोर कोणी नसते.

२९/
आज मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवून किराणा मागवणारा ग्राहक पुन्हा काउंटरच्या अलीकडे उभा आहे. तो यादी देतो आणि न दिसणारा कोणीतरी दूरच्या कोठारात मांडण्यांमधून धावत त्याचा माल गोळा करतो. पडद्यावरील वस्तूंचा क्रम मात्र आजही दुसऱ्या कोणीतरी ठरवलेला असतो, अगदी जेफर्सन अव्हेन्यूवरील त्या वाटेसारखा. म्हणूनच १९१६ च्या त्या अडसरापाशी थोडा वेळ थांबणे उपयोगाचे आहे. ‘हवे ते निवडा’ असे कोणी म्हणाले की, निवडीसाठी पुढे मांडलेले कोणी मांडले आणि वाट कोणी आखली, हे दोन प्रश्न तेथून सोबत घेऊन निघावेत.
(धागा समाप्त)